बैलाचे डोळे चमकतात, आपले का नाहीत?

डिसेंबर महिना. शेंदूरजनाघाटात आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड जोरात चालू होती. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला, त्यामुळे दिवस बुडाला की थंडी जशी काही डोंगरावरून घरंगळत खाली येते. मी आणि माझी सातवीतली भाची वरूडहून मोटारसायकलवर घरी येत होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, हवेत सालीचा आंबट-गोड वास आणि पुढे दिव्याच्या उजेडाची एक लांबट पट्टी. बाकी सगळा काळोख.

तेवढ्यात समोर, जमिनीपासून चारेक फूट उंच, दोन हिरवट दिवे लागले. नुसते दिवे. त्यांच्यामागे ना गाडी, ना माणूस, ना खांब. मी लगेच वेग कमी केला. जवळ गेल्यावर दिव्यांभोवती एक तोंड दिसलं, मग शिंगं, मग अख्खा बैल. आणि अगदी त्याच्या बाजूने जाताना कळलं, की बैलाबरोबर एक माणूसही चालतोय! अंगावर काळी घोंगडी, हातात कासरा. बैल थांबला म्हणून तो थांबला होता. आम्हाला तो दिसला तेव्हा हात लांब केला असता तर लागला असता, इतका जवळ होता.

थोडं पुढे आल्यावर मागून प्रश्न आला.

"मामा, बैलाचे डोळे बल्बावानी चमकले. मंग थ्या आबाजीचे काहून नाही चमकले?"

झालं! आता घरी जाऊन जेवण मिळेपर्यंत या प्रश्नातून सुटका नव्हती. तुम्हालाही सांगतो, ऐका.

डोळ्यामागचा आरसा

पहिली गोष्ट, बैलाच्या डोळ्यात दिवा नसतो. पूर्ण अंधारात तेच डोळे काळेच राहतात. आमच्या मोटारसायकलचा उजेड त्याच्या डोळ्यात शिरला आणि तोच उजेड उलट्या पावली आमच्याकडे परत आला.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. आलेला उजेड टिपायचं काम त्याचं. गाई-बैल, मांजर, कुत्रा, हरीण, बिबट्या यांच्या दृष्टिपटलाच्या मागे आणखी एक चकचकीत थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला उजेड या थरावर आपटतो आणि पुन्हा दृष्टिपटलातून बाहेर पडतो. म्हणजे एकाच उजेडाचा दोनदा उपयोग! म्हणून या प्राण्यांना अंधुक उजेडातही बरंच दिसतं. त्यातूनही जो उजेड उरतो, तो आल्या वाटेने डोळ्याबाहेर जातो. तोच आपल्याला दिसतो.

माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. माकडांच्या डोळ्यातही सहसा नसतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कधीकधी आपले डोळे लाल येतात, तो डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या रक्ताचा रंग. पण तो उजेड फार थोडा. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला त्याचा काही उपयोग नाही.

थोडक्यात, रात्रीच्या रस्त्यावर बैल आपल्यापेक्षा जास्त तयारीनिशी येतो. आपण तसेच, रिकाम्या डोळ्यांनी.

उजेड परत येतो तरी कसा?

आता घरातली टॉर्च घ्या आणि सायकल एखाद्या अंधाऱ्या खोलीत उभी करा. सायकलच्या मागे मडगार्डवर लाल रंगाची एक टिकली असते ना? तिच्यापासून आठ-दहा पावलं लांब उभे राहा. टॉर्च कानाशी, डोळ्यालगत धरा आणि लाल टिकलीवर उजेड पाडा. कशी पेटल्यासारखी लालभडक दिसते! आता टॉर्च तशीच टिकलीवर रोखून दादाच्या हातात द्या आणि त्याला चार पावलं बाजूला उभं करा. तुम्ही जागेवरच थांबा. टिकली विझली! पण दादाला विचारा, तो म्हणेल, "मले तर मस्त दिसते."

म्हणजे टिकली उजेड सगळीकडे उधळत नाही. जिथून आला, तिथेच पाठवते. भिंतीचं तसं नसतं. भिंतीवर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, त्यामुळे तुमच्या वाट्याला थोडासाच येतो. आरसा उजेड विखुरत नाही, पण तिरपा धरला तर भलतीकडेच फेकतो. लाल टिकली मात्र थोडी तिरपी असली तरी बरोबर पत्ता शोधून उजेड परत धाडते.

हे कसं जमतं ते पाहायला टिकली डोळ्याजवळ आणा. भिंग असेल तर उत्तमच. वरून ती गुळगुळीत लागते, पण आत डोकावलं की मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसतात. प्रत्येक घर म्हणजे खोलीचा एक कोपरा. दोन भिंती आणि एक जमीन जिथे एकमेकांना काटकोनात भेटतात, तसा.

कोपऱ्याची जादू कॅरमवर कळते. स्ट्रायकर कोपऱ्याजवळ असा तिरपा मारा, की तो आधी एका कडेला आणि लगेच शेजारच्या कडेला आपटेल. परत येताना तो कुठे जातो? ज्या दिशेने गेला, तिकडेच उलटा येतो. आधीच्या रेघेच्या शेजारून, अगदी समांतर. तुम्ही कोन बदला, तरी तेच. कॅरमला दोनच कडा, म्हणून ही गंमत पाटापुरती. त्यात तिसरी बाजू मिळवली, की कुठल्याही बाजूने आलेला उजेडाचा किरण तीन टप्पे खाऊन माघारी फिरतो. सायकलच्या त्या छोट्या टिकलीत असे शेकडो कोपरे दाटीवाटीने बसवलेले असतात. ना बॅटरी, ना वायर, ना बटण.

हीच टिकली चंद्रावर

भाचीला हे फारसं पटलं नव्हतं. "एवढी साधी गोष्ट?" म्हणाली. म्हणून तिला चंद्रावर नेलं.

१९६९ साली अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांनी तिथे काचेचे १०० कोपरे बसवलेली एक पेटी ठेवली. पृथ्वीवरून तिच्यावर लेसरचा किरण सोडायचा. तो जाऊन परत यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. ती वेळ अगदी बारकाईने मोजली की चंद्राचं अंतर कळतं. याच मोजणीतून समजलं, की चंद्र दर वर्षी आपल्यापासून सुमारे ३.८ सेंटीमीटर लांब सरकतोय.

आणि आपलं चांद्रयान-३? २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला, तेव्हा त्याच्यावर नासाचं एक छोटंसं उपकरण होतं. रुंदी जेमतेम ५ सेंटीमीटर, त्यात काचेचे आठ कोपरे. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने १२ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे १०० किलोमीटरवरून विक्रमवर लेसर सोडला. तोवर विक्रम केव्हाच झोपी गेला होता, त्याची यंत्रं बंद पडली होती. तरी काचेच्या कोपऱ्यांनी किरण इमानाने परत धाडला!

म्हणजे तुमच्या सायकलची लाल टिकली ही चांद्रयानाच्या त्या उपकरणाची चुलत बहीण. उद्यापासून तिच्यावरचा चिखल पुसताना जरा मान देऊन पुसा.

रेडियम नसलेलं रेडियम

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, ट्रकला, बंडीला मागून चमकणारी पट्टी चिकटवतात. तिला आपण काय म्हणतो? रेडियम! दुकानातही "रेडियमची पट्टी द्या" असंच मागतो. पण त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो.

खरं रेडियम हा धातू मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधला. पूर्वी त्याचा रंग घड्याळाच्या आकड्यांना लावत. तो रंग उजेड नसतानाही, रात्रभर आपोआप चमकायचा. पुढे कळलं, की रेडियममधून बाहेर पडणारे किरण घातक असतात. अमेरिकेत घड्याळं रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायच्या. त्यातल्या कितीतरी जणी भयंकर आजारी पडल्या. रेडियमचा रंग हळूहळू गेला, पण चमकणाऱ्या वस्तूला त्याचं नाव मात्र चिकटून राहिलं.

आपल्या पट्टीत असतात एक तर ते बारीक कोपरे, नाही तर रव्यापेक्षाही बारीक काचेचे मणी. गोल मण्यात शिरलेला उजेड वळतो, मागच्या बाजूला आपटतो आणि पुन्हा वळून आल्या वाटेने बाहेर पडतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांतही असे मणी मिसळलेले असतात, म्हणून त्या रात्री उठून दिसतात.

याचा पुरावा हवा तर थंडीत सकाळी लवकर हरभऱ्याच्या किंवा गवताच्या रानात जा. सूर्य पाठीमागे ठेवा आणि दवावर पडलेली स्वतःची लांब सावली बघा. डोक्याच्या सावलीभोवती उजळ प्रभा दिसेल, देवाच्या चित्रात असते तशी! दवाचा प्रत्येक थेंब हा काचेच्या मण्यासारखा वागतो, उजेड सूर्याच्या दिशेने परत फेकतो. त्या वाटेवर तुमचं डोकं असतं, म्हणून प्रभा तुमच्याच डोक्याभोवती. शेजारच्या मैत्रिणीला विचारा. ती म्हणेल, "तुह्या नाही, माह्या डोक्याभोवती हाय!" भांडू नका, दोघी खऱ्या आहात.

मांजरीकडून उसनी घेतलेली पापणी

डांबरी रस्त्याच्या मधोमध ठोकलेल्या, गाडीचा उजेड पडला की चमकणाऱ्या खुंट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांची मूळ कल्पना इंग्लंडमधल्या पर्सी शॉ नावाच्या माणसाची. तो रस्ते दुरुस्त करायचं काम करायचा. १९३४ साली त्याने तिचं पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं 'कॅट्स आय', मांजरीचा डोळा. रात्री मांजरीचे चमकणारे डोळे बघून ती सुचली, अशी गोष्ट सांगतात.

गंमत पुढेच आहे. रस्त्यातला काचेचा डोळा धुळीने आंधळा होणार, हे उघड होतं. म्हणून शॉने काच रबराच्या चौकटीत बसवली. वरून गाडीचं चाक गेलं की चौकट दबायची, काच खाली जायची आणि रबर तिला पुसून घ्यायचं. त्यात पावसाचं पाणी साठलेलं असलं तर डोळा धुतलाही जायचा. म्हणजे मांजरीची नुसती नजर नाही, पापणीसुद्धा उसनी घेतली!

संत्र्याच्या झाडांनी मोजलेला रस्ता

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ते असे गुळगुळीत झाले, की गाड्या सुसाट धावणारच. पण वेगात असलेली गाडी थांबायला किती जागा लागते?

मीटर डोळ्यांपुढे येत नसतील तर संत्र्याची झाडं घ्या. बागेत दोन झाडांत साधारण ६ मीटर अंतर असतं. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. चालकाला काही दिसलं, की ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. तेवढ्यात तीन झाडं मागे पडली! त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४० मीटर, म्हणजे जवळजवळ सात झाडं. वेग ३० असेल तर? सगळं मिळून १४ मीटर, अडीच झाडांपेक्षाही कमी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे गणित लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. डिपरच्या उजेडात काळ्या कपड्यातला माणूस चालकाला दिसतो साधारण २५ ते ३० मीटरवर. म्हणजे चार-पाच झाडांवर. गाडी थांबायला हवी सात झाडं आणि माणूस दिसला पाचव्या झाडाशी. बघा, हिशेब कुठे चुकला! चमकणारी पट्टी लावलेला माणूस मात्र शंभर मीटरच्या पलीकडूनही दिसतो. पंधरापेक्षा जास्त झाडं आधी.

खरी फसगत अशी होते, की चालणाऱ्याला गाडीचा दिवा अर्ध्या किलोमीटरवरूनही लख्ख दिसतो. त्याच्या अंगावर उजेड पडतो, त्याला वाटतं, "मले एवढी गाडी दिसते, तं गाडीवाल्याले मी दिसतच असन." पण दिसणं आणि आपण दुसऱ्याला दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या घोंगडीवाल्या आबाजीलाही आम्ही केव्हाचे दिसत होतो.

भारतात २०२२ या एका वर्षात ३२,८२५ पायी चालणारी माणसं रस्ते अपघातांत गेली. रोज सुमारे ९०. हा आकडा मोठा आहे, म्हणूनच दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं आणि वाहनांना पट्ट्या लावल्या जातात. माणसांना कोण लावणार?

पट्टी कुठे बांधायची?

भाची म्हणाली, "छातीवर. बिल्ल्यासारखी." चूक नाही, पण त्याहून चांगली जागा आहे.

स्वीडनच्या गुन्नार योहान्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली एक सुंदर प्रयोग छापला. त्याने माणसांच्या खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर चमकणारे ठिपके लावून अंधारात त्यांचं चित्रण केलं. पडद्यावर फक्त ठिपके. माणूस स्थिर असला की बघणाऱ्यांना काही कळेना, आकाशातल्या चांदण्या जणू. पण पहिलं पाऊल पडायचा अवकाश, सगळे ओळखत, "अरे, हा तर चालणारा माणूस!" आपल्या मेंदूला माणसाची चाल इतकी ओळखीची आहे.

म्हणून पट्टी हलणाऱ्या जागी हवी. चालताना घोट्यावर, सायकलवर पायडलला. वरखाली होणारे दोन पिवळे ठिपके दिसले, की चालकाला विचार करावा लागत नाही, "ही सायकल आहे" हे लगेच कळतं. छातीवरचा स्थिर ठिपका मात्र मैलाच्या दगडाचाही असू शकतो.

दोन गोष्टी विसरू नका. पट्टी किंवा टिकली समोरच्या गाडीच्या उजेडावर जगते. दिवा न लावता येणाऱ्या गाडीपुढे ती आंधळीच. म्हणून सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवाही हवा. दुसरं, मागच्या कॅरिअरवर चाऱ्याचा भारा लादला आणि लाल टिकली झाकली गेली, तर चांद्रयानाची बहीण बिचारी काय करणार?

आणि चालायचं कोणत्या बाजूने? फूटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. जवळून जाणारी गाडी समोरून येते, दिसते आणि वेळ आली तर एक पाऊल मातीत टाकता येतं. "मंग सायकलही उजवीकून काहून नाही?" हा भाचीचा प्रश्न. सायकल ताशी १५ आणि गाडी ६० च्या वेगाने असेल, तर समोरासमोर दोघं एकमेकांकडे ७५ च्या वेगाने येतात. मागून येणारी गाडी मात्र सायकलला ४५ च्या वेगाने गाठते. चालकाला तेवढाच जास्त वेळ मिळतो. शिवाय सायकलला चालणाऱ्यासारखी टुणकन कडेला उडी मारता येत नाही. म्हणून सायकल डावीकडूनच.

पुन्हा तो रस्ता, पुन्हा तो बैल

आपल्या जुन्या माणसांना हे अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. रात्रीच्या बंडीखाली कंदील लटकवायचे, बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ बांधायचे. दिसलं नाही तर ऐकू तरी जाईल! पण तेव्हा समोरून येणारीही बंडीच असायची. आता येते ती ६० च्या वेगाने.

दुसऱ्या दिवशी भाचीने खाऊच्या पैशांतून चमकणाऱ्या पट्टीचं एक रीळ आणलं. संध्याकाळी आम्ही त्याच रस्त्यावर थांबलो. आबाजी आले. रोपवाटिकेत संत्र्याची कलमं करतात ते. आमचं गाव या कलमांसाठीच तर ओळखलं जातं. जंभेरीच्या खुंटाला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा भरायचा आणि वरून पट्टीने घट्ट बांधायचा, हे त्यांचं रोजचं काम.

भाचीने सगळं सांगितलं. चंद्र, कॅरम, मांजर, सगळं. आबाजींनी शांतपणे ऐकलं, पट्टी हातात घेतली आणि बैलाच्या शिंगाला गुंडाळायला लागले.

"आबाजी, त्याले नको! त्याचे डोळे पहिलेच चमकते. तुमचे नाही चमकत."

आबाजी हसले. खाली बसले, धोतर जरा वर घेतलं आणि दोन्ही घोट्यांभोवती पट्टीचे दोन-दोन वेढे दिले. ना कमी, ना जास्त. बोटांना सवयच ती.

"घे माय," ते म्हणाले, "आज म्या पायाले डोळा भरला."

आम्ही गाडी फिरवून बरेच लांब गेलो आणि वळून दिवा टाकला. दूर अंधारात दोन हिरवे दिवे स्थिर होते. त्यांच्या शेजारी, जमिनीलगत, दोन पांढरे ठिपके आळीपाळीने पुढेमागे होत होते.

"मामा," भाची म्हणाली, "थो पाय, आबाजी चालून रायले."